गल्ला कुणाकडे, भट्टी कुणाकडे? धंद्याच्या पुढच्या पिढीला बसवायचं कसं

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून कास्टिंग करणारा कारखाना, आहे. हिशेबाच्या कामानं माझं तिथं बरीच वर्षं जाणं-येणं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. वय बहात्तर, पण सकाळी सातच्या आत गेटवर हजर. काही वर्षांपूर्वी अण्णांनी मुलांना कामं वाटून दिली. थोरला एमबीए, म्हणून त्याच्याकडे मार्केटिंग. धाकटा मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून त्याच्याकडे शॉप फ्लोअर. मुलगी लग्न होऊन सांगलीला. तिला शेअर दिले, काम नाही. डिग्रीप्रमाणे वाटणी झाली, कुणाची तक्रार नाही. कागदावर एकदम चोख.

मग एके दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून कास्टिंगचा अख्खा लॉट परत आला. ब्लो-होल पडले होते, म्हणजे रस ओतताना आत वायू अडकून राहिलेली भोकं. मी केबिनमध्येच होतो. गाडी गेटातून आत येते न येते तोच धाकट्यानं फोन लावला, ‘साहेब, परवा दुपारपर्यंत नवा लॉट तुमच्या दारात.’ कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे) तयार आहेत का, भट्टीवर कुणाची हीट, म्हणजे वितळणीची खेप, लागली आहे, काही विचारलं नाही. आणि ज्यानं हा फोन करायचा तो थोरला हातात खडू घेऊन परत आलेल्या मालाशेजारी उकिडवा बसला होता. प्रत्येक नगावर भोक जिथं असेल तिथं गोल काढत होता. तासाभरानं उठला आणि म्हणाला, ‘सगळी भोकं एकाच अंगाला आहेत. आणि सगळा माल रात्रपाळीचा आहे.’ रात्री कोअर पुरते न भाजताच ओव्हनमधून काढले जात होते, त्यांचाच वायू रसात अडकत होता.

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘बघा, दोघंही आपलं काम टाकून दुसऱ्याचं करतायत.’ मला ते उलटं वाटलं. दोघं आपापलंच काम करत होते, खुर्च्या तेवढ्या चुकल्या होत्या.

घरचा धंदा पुढच्या पिढीकडे कसा जातो, हा विषय अलीकडे बातम्यांत सारखा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिलायन्सच्या संचालक मंडळावर ईशा, आकाश आणि अनंत अंबानी यांना एकाच वेळी घेण्याचा निर्णय झाला. एप्रिल २०२४ च्या अखेरीस गोदरेज घराण्यानं १८९७ पासून चालत आलेल्या उद्योगाची दोन शाखांमध्ये वाटणी जाहीर केली. अशा वेळी चर्चा होते ती टक्क्यांची आणि कोटींची. कोण कुठल्या खुर्चीवर आणि तिथंच का, हे मात्र दोन ओळींत उरकलं जातं. खरं तर कारखान्यातल्या माणसांचा रोजचा दिवस त्या दोन ओळींवर ठरतो.

सातबारा आणि नांगर

सातबाऱ्यावर तिघा भावंडांची नावं लागू शकतात, पण नांगराची मूठ एका वेळी एकाच्याच हातात असते. मालकी आणि काम यांत एवढाच फरक आहे, आणि तेवढाच लक्षात राहत नाही.

हार्वर्डमधल्या रेनाटो टॅग्युरी आणि जॉन डेव्हिस या दोघांनी १९७८ मध्ये हे एका साध्या आकृतीत मांडलं. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढा: कुटुंब, मालकी आणि धंदा. अण्णा तिन्हींत आहेत. त्यांची मुलगी कुटुंबात आणि मालकीत आहे, धंद्यात नाही. तीस वर्षं भट्टी सांभाळणारे फोरमन फक्त धंद्यात आहेत. सून कुटुंबात आहे, पण जेवणाच्या टेबलावर धंद्याचं बोलणं निघालं की तिनं बोलावं की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. बहुतेक भांडणं एका वर्तुळातला नियम दुसऱ्यात लावल्यानं होतात.

कुटुंबाचा नियम समान वाटणीचा असतो. लाडू तीन मुलांना सारखेच द्यायचे. मालकीतही तो चालतो, कायदाही त्याच बाजूनं आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. देशभर हा बदल २००५ मध्ये झाला. पण काम लाडवासारखं वाटता येत नाही. तिघांना ‘समान’ म्हणून तिघांनाही डायरेक्टर केलं की कामगार विचारतात, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा?

दोन्ही गोष्टी अधांतरी राहिल्या तर काय होतं ते सगळ्या देशानं पाहिलं आहे. जुलै २००२ मध्ये धीरूभाई अंबानी मृत्युपत्र न करता गेले. दोन भावांतला तंटा चव्हाट्यावर आला आणि अखेर जून २००५ मध्ये आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीनं समूहाचे दोन भाग झाले. पुढच्या पिढीच्या वेळी चित्र निराळं होतं. वडील खुर्चीवर असतानाच आकाशकडे दूरसंचार, ईशाकडे किरकोळ विक्री आणि अनंतकडे ऊर्जा, अशी कामं वेगळी झाली.

लग्नघरातले चौघं

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काम समोर आलं की माणूस आपसूक ज्या पद्धतीनं हात घालतो, तिला मी या लेखात ‘धाटणी’ म्हणेन. धाटणी म्हणजे हुशारी नव्हे, शिक्षण नव्हे आणि आवडही नव्हे. गाण्याची आवड असलेली माणसं पुष्कळ असतात. त्यातला एखादा गायला बसतो, एखादा सवाई गंधर्वची तिकिटं वेळेत काढून सगळ्यांची बसायची सोय करतो. आवड तीच, पण धाटणी वेगळी.

हे ओळखायला मानसशास्त्र लागत नाही, घरात एक लग्न निघालं की पुरतं. लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी एक काका पाच कार्यालयांचे दर, पार्किंग आणि जनरेटरची सोय वहीत उतरवून आणतात, आणि सहावं कार्यालय बघितल्याशिवाय ठरवू देत नाहीत. हे खोदणारे. एक आत्या पहिल्या दिवसापासून रुखवत, आहेर, मुहूर्त, कोण कुठल्या खोलीत झोपणार यांचं वेळापत्रक लावते आणि ते मोडलं की तिचं डोकं दुखतं. ही घडी बसवणारी. एक मामा कुणाला न विचारता केटररला ‘हजार पानं धरा’ सांगून मोकळे होतात, आणि निम्म्या वेळा तेच बरोबर ठरतं. हे उडी घेणारे. आणि एक चुलतभाऊ असतो, जो एकाही बैठकीला नसतो. पण मांडव पडायला आला की स्टुलावर चढून वायर हातात घेतलेला तोच दिसतो. हा हात घालणारा.

अमेरिकेत कॅथी कोल्बे यांनी साधारण अशाच चार भागांवर छत्तीस प्रश्नांची चाचणी बेतली आहे, आणि तिकडे घरगुती उद्योगांना सल्ला देणारे अनेक जण ती वापरतात. जुनं मानसशास्त्र मनाचे तीन भाग मानत आलं: जाणणं, वाटणं आणि करणं. परीक्षा पहिला भाग मोजतात. धाटणी तिसऱ्यातली. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ‘कल चाचणी’ होत असे, ती मुख्यतः ओढा कुठल्या क्षेत्राकडे आहे ते विचारायची. ओढा आणि धाटणी शेजारी राहतात, पण एका घरात नाही.

कुणीही माणूस शंभर टक्के एकाच प्रकारचा नसतो, हे सांगायला नकोच. पण घाई झाली, पैसा अडकला, झोप झाली नाही, की माणूस आपल्या मूळ वाटेवर येतो. अण्णांच्या थोरल्यानं त्या दिवशी खडू उचलला तो असा.

खुर्चीलाही स्वभाव असतो

पहिली चूक बहुतेक घरांत इथेच होते. चर्चा माणसापासून सुरू होते: ‘याला काय द्यायचं?’ खरं तर आधी खुर्चीकडे बघायला हवं. खरेदी बघणाऱ्याला खोदणारा स्वभाव लागतो. पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, भाव दोन रुपयांनी का वाढला, हे त्याला रात्री झोपू देता कामा नये. डिस्पॅच आणि वसुलीला घडी बसवणारा लागतो. नवं गिऱ्हाईक आणणाऱ्याला थोडी उडी मारता आली पाहिजे, नाहीतर तो कोटेशन पाठवण्याआधी महिनाभर आकडेच तपासत बसेल.

हे जमवण्याचं माझ्या मते मराठी मुलखातलं सर्वांत चांगलं उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला. स्वतः लक्ष्मणराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर रंग सोडले आणि यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. चुकीच्या खुर्चीतून वेळेवर उठणं काय असतं, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. मग त्यांनी जमवलेली माणसं बघा. भाऊ रामुअण्णांचं या कामाचं कसलंही शिक्षण नव्हतं. त्यांच्याकडे वसाहतीचं नियोजन आणि कारभार. शंभूराव जांभेकरांची शाळा अर्धवट सुटली होती, त्यांच्याकडे यंत्रं. के. के. कुलकर्णी परीक्षांत मागे पडलेले. ते तिथं पडेल ते सगळं निभावणारे व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेग्यांकडे हिशेब. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही दरोड्याची शिक्षा भोगून आलेले. अंधारात कोण कुठून येऊ शकतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार! आजच्या एचआरवाल्यानं यातला एकही बायोडाटा पुढं सरकवला नसता.

घरातल्या माणसालाही हाच न्याय. पुतणे शंकरराव यांचा पिंड चित्राचा आणि शब्दाचा. त्यांना लेथवर उभं केलं नाही. कारखान्याच्या मालाची जाहिरात करता करता १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. तिचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ही आलं. नांगर विकायला काढलेल्या पत्रकातून एका पिढीचं वाचन घडलं. दुसऱ्या घरात हाच मुलगा ‘कारखान्यात लक्ष नाही’ म्हणून वाया गेलेला ठरला असता.

दुसरं उदाहरण पुण्याच्या थरमॅक्सचं, आणि ते जास्त बारकाईनं बघण्यासारखं आहे. संस्थापक ए. एस. भाथेना. त्यांच्यानंतर जावई रोहिंटन आगा. १९९६ मध्ये आगा अचानक गेले आणि पत्नी अनु आगा अध्यक्ष झाल्या. त्या तोवर कंपनीत मनुष्यबळाचं काम बघत होत्या, शिक्षण समाजकार्याचं. बॉयलरच्या कंपनीला अशी प्रमुख? पण अध्यक्षाचं काम बॉयलर बांधण्याचं नसतं. अध्यक्ष मंडळ चालवतो, नको ते प्रश्न विचारतो, चुकीच्या माणसाला खाली बसवतो. रोजचा कारभार व्यवस्थापकीय संचालक बघतो. कंपनी तोट्यात गेली तेव्हा अनु आगांनी बाहेरचे सल्लागार आणले आणि संचालक मंडळच नव्यानं बांधलं. त्यात घरच्या माणसांनाही उठावं लागलं. माणसांशी अवघड बोलणं करण्याची धाटणी तिथं कामी आली. २००४ मध्ये मुलगी मेहेर पदमजी अध्यक्ष झाल्या. त्या केमिकल इंजिनिअर, तरी त्यांनीही अध्यक्षाचीच खुर्ची घेतली, रोजचा कारभार घराबाहेरच्या व्यावसायिकाकडे ठेवला.

या दोन खुर्च्या वेगळ्या हव्यात असं शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीलाही वाटत होतं. बाजारात शेअर असलेल्या मोठ्या कंपन्यांना तसा नियमही घातला होता; फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ऐच्छिक करावा लागला. एकाच माणसाला गल्ल्यावरही बसायचं असतं आणि भट्टीवरही, ही सवय सहजासहजी जात नाही.

बापाला आपली झेरॉक्स हवी असते

धंदा सुरू करणारा माणूस बहुधा उडी घेणारा किंवा हात घालणारा असतो. तसा नसता तर त्यानं सुरूच केला नसता. त्यामुळे तो पुढच्या पिढीत तीच आग शोधतो आणि ती दिसली नाही की खचतो. ‘याच्यात धमक नाही हो’, हे वाक्य मी किती केबिनांत ऐकलंय. धमक नसते असं नाही, ती वहीत असते.

वीस माणसांचा कारखाना मालकाच्या आवाजावर चालतो, दोनशे माणसांचा चालत नाही. तिथं पद्धत लागते, कागद लागतो, न आरडता होणारं काम लागतं. म्हणजे नेमकं धंदा मोठा होतो तेव्हा त्याला संस्थापकाहून वेगळ्या माणसाची गरज असते. आर्देशीर गोदरेज वकिली सोडून कुलपं बनवायला बसलेले, सतत नवं काही करून बघणारे. कारखान्याला आकार दिला, विक्रोळीची जमीन घेऊन तो पसरवला, तो धाकटे बंधू पिरोजशा यांनी. एकच आर्देशीर असते तर कुलूप झालं असतं, विक्रोळी झाली नसती.

बजाजांचं घर याहून जवळचं, आकुर्डीचं. राहुल बजाज यांचे दोन मुलगे. दोघंही मेकॅनिकल इंजिनिअर, दोघंही शिकायला इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात जाऊन आलेले. डिग्री बघून खुर्च्या वाटल्या असत्या तर दोघांनाही असेंब्ली लाइनवर उभं करावं लागलं असतं. राजीव गाड्यांत रमले. संजीव वित्ताकडे गेले, पुढे हार्वर्डहून एमबीए करून आले. स्कूटर-रिक्षांना कर्ज देण्यासाठी १९८७ मध्ये काढलेली छोटी वित्त कंपनी पुढे केवढी मोठी झाली ते बाजार रोज सांगतो. २००७-०८ मध्ये बजाज ऑटोचं विभाजन झालं, गाड्या एका कंपनीत आणि वित्त दुसऱ्या कंपनीत गेलं, आणि दोघा भावांना आपापल्या धाटणीची खुर्ची मिळाली.

यातला खरा चटका २००९ चा. राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करून फक्त मोटारसायकलवर लक्ष द्यायचं ठरवलं. ‘हमारा बजाज’ ज्या स्कूटरवर उभा होता तीच. राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटलं हे जाहीरपणे सांगितलं, पण निर्णय बदलायला लावला नाही. खुर्ची दिली म्हणजे तिच्यावर बसणाऱ्याच्या धाटणीचे निर्णयही आले, आवडोत न आवडोत. तो निर्णय बरोबर होता का यावर आजही वाद घालता येतो. चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली, हे त्या वादातलं एक मजेदार कलम.

मग ओळखायचं कसं?

चाचण्या आहेत, आणि त्यांचा धंदाही जोरात आहे. माझं मत सांगतो: चाचणी ही बोलायला निमित्त म्हणून ठीक, निकाल म्हणून नाही. व्यक्तिमत्त्वाच्या काही लोकप्रिय चाचण्यांत तर तोच माणूस काही आठवड्यांनी परत बसला की अनेकदा दुसऱ्याच खान्यात जातो. शिवाय वडील निकाल बघणार हे माहीत असताना कुठला मुलगा ‘मला जोखीम घ्यायला भीती वाटते’ यावर टिक करेल?

त्यापेक्षा बघा. सांगितलेलं काम कसं करतो ते नव्हे, न सांगता काय करतो ते. कारखान्यात शिरल्यावर त्याचे पाय आधी कुठं वळतात, मशीनकडे, काउंटरकडे, की कॉम्प्युटरकडे? वीज गेली, ट्रक अडकला, माल परत आला, अशा तीन वेगवेगळ्या प्रसंगांत त्यानं पहिली पाच मिनिटं काय केलं, एवढं लिहून ठेवा. वर्षभरात दहा-बारा नोंदी होतात आणि त्या बहुतेक एकच गोष्ट सांगतात.

आणि विचारा, पण घरात नाही. आईबापांच्या डोक्यात प्रत्येक मुलाची आठव्या वर्षीची पाटी लागलेली असते: हा हट्टी, ही शांत, तो वेंधळा. फोरमनला विचारा, बँकेतल्या माणसाला विचारा, माल देणाऱ्याला विचारा. शिरोलीच्या फाउंड्रीत फोरमनकाकांनी अण्णांना एका वाक्यात सांगितलं होतं, ‘थोरले साहेब आले की पोरं रेकॉर्ड लिहितात, धाकटे साहेब आले की पोरं हसतात.’ याच्यापुढं कुठली चाचणी!

तिसरा उपाय वेळखाऊ आहे. प्रत्येकाला दोन-दोन खुर्च्यांवर वर्षभर बसवा, खऱ्या जबाबदारीनं आणि नुकसान सोसता येईल एवढ्या खऱ्या पैशानं. नुसतं ‘बघून घे’ म्हणून पाठवलेला मुलगा चहा पिऊन परत येतो.

‘पण माणूस शिकतो की!’

हो, शिकतो. उडी घेणाराही एक्सेल शिकतो, खोदणाराही भाषण करायला शिकतो. पण शिकलेलं वापरायला त्याला दुप्पट दम लागतो. डाव्या हातानं लिहिता येतं, सरावानं चांगलंही येतं, पण तीन तासांचा पेपर त्याच हातानं लिहायला लावू नका. मालकाची खुर्ची हा तीस वर्षांचा पेपर आहे.

थोरला असताना धाकट्याला?

इथं बहुतेक घरं अडतात, आणि थट्टेवारी नेण्यासारखं ते नाही. थोरलेपणाला आपल्याकडे मान आहे आणि तो काढून घेतला की माणूस आतून मोडतो. पण मान आणि काम वेगवेगळं देता येतं. पूजेला थोरला बसेल, दसऱ्याला यंत्रांना हार तो घालेल, संचालक मंडळाचा अध्यक्ष तो होईल. कारभार धाकटीकडे असेल. फक्त हे आधी बोलायला हवं, चौघांसमोर आणि लिहून. थोरल्याला पेपरातून कळता कामा नये.

‘धाटणी’ या शब्दाचा एक गैरवापर मात्र मी वारंवार बघतो. मुलगी म्हणून तिची ‘धाटणी’ एचआरची, सून म्हणून तिची पॅकिंगची, जावई म्हणून त्याची ‘बघू पुढं’ची. ही धाटणी नव्हे, तो जुनाच शिक्का आहे, नव्या शाईत बुडवलेला. निरीक्षणाच्या नोंदी नसतील तर धाटणी हा शब्द वापरूच नका.

दोघं सारखेच निघाले तर? आणि कुणीच बसत नसेल तर?

दोन उडी घेणारे भाऊ एका केबिनमध्ये ठेवले तर वर्षात एक जण बाहेर पडतो. पण दोन गावांत ठेवले तर दोन धंदे उभे राहतात. किर्लोस्करवाडीच्याच पलूस तालुक्यात भिलवडी आहे. चितळ्यांचं दूध तिथलं, १९३९ पासूनचं. भास्कर गणेश चितळ्यांच्या मुलांपैकी दोघांनी भिलवडीत डेअरी बघितली आणि दोघांनी पुण्यात दुकान. गोठ्याला लागते ती धाटणी बाकरवडीच्या काउंटरला चालत नाही, आणि मधलं अंतर दोनशेच्या आसपास किलोमीटरचं असलं की रोजची कुरबुरही होत नाही.

कुणीच बसत नसेल, तर खुर्ची घराबाहेर द्यायची. यात अपमान काही नाही. डाबरच्या बर्मन कुटुंबानं १९९८ मध्ये रोजचा कारभार व्यावसायिकांकडे सोपवला. मॅरिकोच्या हर्ष मारीवाला यांनी २०१४ मध्ये व्यवस्थापकीय संचालकपद सौगत गुप्ता यांना दिलं आणि स्वतः अध्यक्ष राहिले. मालकी घरात राहिली, नांगर जाणत्याच्या हातात गेला. लहान कारखान्याला असा माणूस परवडतो का, हा प्रश्न रास्त आहे. पूर्ण वेळचा नसेल परवडत. पण तीस वर्षांचा फोरमन ‘वर्क्स मॅनेजर’ म्हणून परवडतो, फक्त चेकवर सही कुणाची यावर घरात आधी एकमत लागतं.

आणि उठणाऱ्याचं काय?

शिरोलीत पुढं काय झालं ते सांगतो. गेल्या वर्षी खुर्च्या बदलल्या. थोरला क्वालिटी आणि प्रॉडक्शन बघतो. ब्लो-होलचं रिजेक्शन उतरलंय, त्याच्या खडूचा डबा आता शॉप फ्लोअरवरच असतो. धाकटा पुणे, हुबळी, राजकोट करत फिरतो. नवी गिऱ्हाइकं आणतो आणि अजूनही न विचारता तारखा देतो, त्यावरून महिन्यातून एकदा दोघांचं वाजतंच. सांगलीहून मुलगी आठवड्यातून तीन दिवस येते. वसुली तिच्याकडे दिल्यापासून नव्वद दिवसांवर थकलेली बिलं किती, हे विचारायला मला फोन करावा लागत नाही, तिचीच यादी दर सोमवारी येते.

अडकलं होतं ते अण्णांचं. सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या आणि अण्णांची गेली. केबिन थोरल्याला दिली होती तरी ते सातला येत, त्याच केबिनबाहेर बाकावर बसत आणि आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही सांगत. कामगारांना दोन मालक झाले. घरच्या धंद्यात पुढच्या पिढीची धाटणी सगळे तपासतात, मागच्या पिढीची कुणी विचारतच नाही. अण्णा कागदाचे कधीच नव्हते. चाळीस वर्षं ते हातात वस्तू घेऊन निर्णय करत आले, त्यांना ‘सल्लागार’ करून बाकावर बसवणं म्हणजे सुताराला लाकडाबद्दल व्याख्यान द्यायला सांगण्यासारखं.

शेवटी मुलीनंच सुचवलं. भंगाराची गाडी आली की आता गेटवरून केबिनला फोन जात नाही, अण्णांना जातो. ते वजनकाट्याजवळ उभे राहतात, गाडीत हात घालून एक तुकडा उचलतात, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकतात, आणि मग ड्रायव्हरला म्हणतात, ‘हे खालचं दाखव.’ परवा गेलो तेव्हा बाक रिकामा होता. अण्णा काट्यापाशी एका व्यापाऱ्याशी भावावरून जोरजोरात भांडत होते.